उजाडलं, पण बोट आली नाही

मंगळवार, लंडन

पिम्लिको स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. थेम्सच्या काठाने टेट ब्रिटनच्या पायऱ्यांपर्यंत पोचेतो तीही थांबली. या जागेवर पूर्वी मिलबँकचा तुरुंग होता. तो पाडल्यावर साखरेचे व्यापारी हेन्री टेट यांच्या देणगीतून १८९७ साली हे संग्रहालय उभं राहिलं. प्रवेश फुकट आहे. माझी भाची मृण्मयी रेडिंगच्या एका रुग्णालयात नर्स आहे. आठवडाभराची रजा काढून ती माझ्यासोबत आली होती. "मावशी, एका चित्रासाठी एवढा प्रवास?" असं तिने आदल्या रात्री विचारलं होतं. मी म्हटलं, "आधी बघ, मग बोलू."

चित्राचं नाव 'अ होपलेस डॉन', म्हणजे आशा संपलेली पहाट. चित्रकार फ्रँक ब्रॅम्ली, साल १८८८. अलिबागला शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा याची एक छापील प्रत माझ्याकडे होती. रंग उडालेले, कडा दुमडलेल्या. उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो हे मुलांना समजावताना ती प्रत मी फळ्यावर टाचणीने लावत असे. मूळ चित्र सव्वा मीटर उंच आणि पावणेदोन मीटरला थोडं कमी रुंद आहे. समोर उभं राहिलं की आपण त्या खोलीच्या दारातच उभे आहोत असं वाटतं.

कोळ्याचं घर आहे. खिडकीबाहेर खवळलेला, राखाडी समुद्र. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली मेणबत्ती रात्रभर जळून शेवटाला आली आहे. बोटीतून येणाऱ्याला घर दिसावं म्हणून ती तिथे ठेवलेली. टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरून जेवण मांडलंय आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. खाली, खिडकीपाशी दोन बायका. तरुण बाई जमिनीवर कोसळली आहे, तिचं डोकं म्हातारीच्या मांडीत आहे. म्हातारी तिच्यावर वाकली आहे. शेजारी बायबल उघडं पडलंय.

लोक बहुधा त्या तरुणीकडे बघतात. मी पुष्कळ वेळ म्हातारीकडे बघत होते. ती बहुधा सासू असावी, म्हणजे जो परत आलेला नाही तो तिचाही मुलगा. तरी ती रडत नाही. तिने सुनेला धरलंय, आणि धरणाऱ्या माणसाचं अंग कसं असतं ते ब्रॅम्लीने अचूक टिपलंय. पाठ वाकलेली, पण बैठक पक्की. तिच्या आयुष्यातली अशी सकाळ ही पहिली नसणार, हे चित्रकाराला कुठेही लिहून सांगावं लागलेलं नाही. मृण्मयी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, वॉर्डात असंच होतं. ज्याच्यावर एकदा येऊन गेलंय ना, तोच दुसऱ्याला धरतो."

खोलीत बातमी घेऊन कुणी आलेलं नाही, हेही बघा. दारात माणूस नाही, प्रेत नाही, तुटकी फळी नाही. फक्त उजाडलंय. रात्रभर 'येईल, येईल' म्हणता येत होतं. उजेड झाला, खिडकीतून समुद्र पूर्ण दिसला आणि त्यावर बोट नव्हती. या घरात सकाळ हीच बातमी.

रंगकामाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे चित्र कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन या कोळ्यांच्या गावात झालं. तिथे जमलेले चित्रकार चपट्या, चौकोनी ब्रशने रंग लावायचे. फटकारे घोटून गुळगुळीत न करता तसेच सोडायचे. ब्रॅम्ली त्या पद्धतीतला सगळ्यात तयार हात. टेबलावरचा कपडा लांबून पांढरा दिसतो. जवळ गेल्यावर पांढरा असा त्यात फारसा नाहीच. खिडकीकडून येणारी पहाट निळसर, मेणबत्तीचा उजेड पिवळा, आणि त्या दोघांची सगळी ओढाताण त्या कपड्यावर चाललेली. पिवळा हरत चाललाय. कथा माहीत नसलेल्या माणसालाही या दोन रंगांतून पोटात खड्डा पडल्यासारखं होईल.

भिंतीवर एक छापील चित्र टांगलंय: राफाएलच्या रेखाटनावरून केलेलं, ख्रिस्त पीटरला स्वर्गाच्या किल्ल्या देतोय. पीटर ख्रिस्ताचा शिष्य, मूळचा कोळी. चित्राच्या नावाचा उगमही तिथेच आहे. कलासमीक्षक जॉन रस्किनने इंग्लंडच्या बंदरांवर १८५६ साली जो मजकूर लिहिला त्यात म्हटलंय की चांदण्याविना सरलेल्या रात्री आणि आशा संपलेल्या पहाटेतही प्रत्येक एकाकी बोटीच्या सुकाणूवर त्याचाच हात असतो, ज्याने कोळ्याच्या हाती किल्ल्या दिल्या. रस्किनचं वाक्य धीर देणारं आहे. ब्रॅम्लीने त्यातले दोनच शब्द नावाला घेतले आणि धीराचा भाग भिंतीवर, लहानसा करून टांगला. तो खोटा आहे असं त्याने म्हटलेलं नाही. पण त्या क्षणी खोलीतलं कुणीही त्या भिंतीकडे बघत नाहीये. मला यात चित्रकाराचा फार मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

१८८८च्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं आणि त्याच वर्षी शिल्पकार चँट्री यांनी ठेवलेल्या निधीतून देशासाठी विकत घेतलं गेलं. ब्रॅम्ली तेव्हा तिशीत नुकता पोचला होता.

बुधवार, रेडिंग ते पेन्झान्स

गाडीत बराच वेळ काढायचा होता, म्हणून मृण्मयीने पोळीभाजी बांधून घेतली होती. एक्झिटरच्या पुढे डॉलिशला रूळ अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून जातात. २०१४च्या फेब्रुवारीत वादळाने ही भिंत फोडली होती आणि रूळ अधांतरी लोंबकळत राहिले होते. त्या दिवशी समुद्र शांत होता. प्लिमथ सोडलं की सॉल्टॅशचा पूल येतो, इंजिनिअर ब्रुनेलने बांधलेला, १८५९चा. तो ओलांडला की कॉर्नवॉल.

हा पूल झाला नसता तर आपण पाहतोय ती चित्रं झाली असती की नाही, शंकाच आहे. पुलामुळे कॉर्नवॉलची मासळी ताजी ताजी लंडनच्या बाजारात जाऊ लागली, आणि त्याच रुळांवरून उलट दिशेने चित्रकार आले. बरेचसे पॅरिसला किंवा अँटवर्पला शिकलेले, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या कोळीवाड्यांत उघड्यावर बसून रंगवायची सवय लागलेले. इंग्लंडात तसं गाव शोधताना त्यांना न्यूलिन सापडलं. थंडी सौम्य, समुद्रावरून परतणारा स्वच्छ उजेड, घरभाडं कमी, आणि थोड्या पैशांत तासन् तास उभी राहायला तयार असलेली माणसं. वॉल्टर लँगली १८८२ मध्ये स्थायिक झाला, स्टॅनहोप फोर्ब्ज १८८४च्या जानेवारीत आला, ब्रॅम्ली त्याच सुमारास.

पेन्झान्सच्या थोडं आधी डाव्या हाताला सेंट मायकल्स माउंटचा डोंगर पाण्यात उभा दिसतो. रूळ तिथेच जवळपास संपतात. खोली स्टेशनजवळ घेतली होती. रात्री माउंट्स बेच्या पलीकडे न्यूलिनचे दिवे दिसत होते.

गुरुवार, न्यूलिन

सकाळी लवकर निघून समुद्राच्या कडेने चालत गेलो. मैल-दीड मैलाचा रस्ता. न्यूलिन आजही कामाचं बंदर आहे, दाखवण्यासाठी ठेवलेलं नाही. बर्फाचा आवाज, डिझेलचा वास, ओले धक्के, वर घिरट्या घालणारे सीगल. बोटींच्या नाकाडावर पीझेड ही अक्षरं आणि क्रमांक, म्हणजे नोंदणी पेन्झान्सची. लिलाव पहाटेच उरकला होता. प्लास्टिकच्या पेट्यांत हेक, मंकफिश, आणि चमचमणाऱ्या सार्डिन. यालाच पूर्वी इथे पिलचर्ड म्हणत. आपल्या तारलीची विलायती बहीण. खारवून, दाबून, पिंपांत भरून ती इटलीला जायची. कॅथलिक देशांच्या, मांस वर्ज्य पण मासे चालणाऱ्या उपासाच्या दिवसांवर इथल्या प्रोटेस्टंट कोळ्यांची चूल पेटायची.

जुना धक्का आतल्या बाजूला आहे, मध्ययुगातला, लहानसा, पाठ वाकवून बसल्यासारखा. त्याला वेढून घेणारे दोन मोठे धक्के १८८०च्या दशकात झाले, म्हणजे चित्रकार इथे ईझल लावून बसले होते तेव्हाच. दक्षिणेच्या धक्क्याच्या टोकाला दीपगृहाजवळ भरती-ओहोटी मोजण्याचं ठाणं आहे. १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षं इथे पाण्याची पातळी मोजली गेली आणि त्या सरासरीवरून ग्रेट ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या जमिनीची उंची आजही सांगितली जाते. एखाद्या डोंगराची उंची नकाशावर वाचताना ती न्यूलिनच्या पाण्यापासून मोजलेली असते.

वरच्या चढावर अरुंद गल्ल्या आहेत. एका गल्लीला चित्रकारांच्या काळापासून 'र्यू दे बोझार' असं फ्रेंच नाव चिकटलंय. चित्रातली घरं शोधायला जाल तर सगळी सापडणार नाहीत. १९३७ मध्ये नगरपालिकेने जुनी घरं राहण्यास अयोग्य ठरवून पाडायला घेतली. तेव्हा इथले कोळी 'रोझबड' नावाची मासेमारीची बोट घेऊन समुद्रमार्गे, मग थेम्समधून थेट वेस्टमिन्स्टरला अर्ज द्यायला गेले. काही घरं वाचली, बरीच गेली. त्याच्याही आधी, १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला इथली मेरी केलिनॅक ही ऐंशी ओलांडलेली मासेवाली चालत गेली होती. इथल्या बायका मासळीची टोपली पाठीवर घेत आणि तिचा पट्टा कपाळावरून आणत. मानेवर सगळा भार. लँगलीच्या म्हाताऱ्यांच्या माना नीट बघितल्या तर तो पट्टा तिथे नसतानाही दिसतो.

ही माणसं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची, कडक. रविवारी बोट काढायची नाही. पूर्वेच्या लोस्टॉफ्टहून येणाऱ्या बोटी रविवारी मासेमारी करून सोमवारचा भाव पाडत. १८९६च्या मे महिन्यात इथल्या कोळ्यांचा संयम सुटला. त्यांनी त्या बोटींवर चढून मॅकरेलचे ढीगच्या ढीग समुद्रात फेकले. लष्कर बोलवावं लागलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण चित्रांत या लोकांचं फक्त दुःख दिसतं. राग दिसत नाही. लंडनच्या प्रदर्शनात रडणारी कोळीण विकली जात होती. मासळीच्या भावासाठी भांडणारा तिचा नवरा कुणी भिंतीवर लावला नसता.

मग हे दुसऱ्याच्या दुःखावर नाव कमावणं होतं का? धक्क्यावर बसून आम्ही दोघी यावर बराच वेळ बोललो. मृण्मयीचं मत पडलं की होतंच. "ती बाई पैसे घेऊन रडायला बसली होती, मावशी." खरं आहे, बसणारी बाई शेजारचीच कुणीतरी, मोबदला घेऊन बसलेली. पण ज्या गावात दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या घरावर ही वेळ यायची, तिथे ती बाई कशाचा अभिनय करत होती? तिला ते शिकवावं लागलं नसेल. आणि ब्रॅम्लीने वादळ रंगवून टाळ्या घेतल्या नाहीत. लाटांशी झुंजणारी बोट रंगवणं सोपं होतं, गिऱ्हाईकही जास्त मिळालं असतं. तो घरात गेला, जिथे वाट बघितली जाते.

आमच्या बाकाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, बोटीवर आयुष्य काढलेले. त्यांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. नकाशावर निळा समुद्र आणि त्यावर रंगीत ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बोट. बोटीवरचं यंत्र सतत आपली जागा सांगत असतं. त्यांच्या मुलाची बोट सिली बेटांच्या पलीकडे होती. "हिची आई मेणबत्ती लावायची," ते बायकोबद्दल म्हणाले, "ही मोबाइल चार्जिंगला लावते." ठिपका हलत असला की ती झोपते. कधी यंत्र बिघडतं किंवा बोट टप्प्याबाहेर जाते आणि ठिपका तिथेच थांबून राहतो. मग ती उठून चहा करते.

मला फयान आठवलं. ११ नोव्हेंबर २००९. आमच्या किनाऱ्यावर ते चक्रीवादळ आलं तेव्हा कितीतरी बोटी बाहेर होत्या. पुढचे काही दिवस अलिबागच्या कोळीवाड्यातल्या बायका किनाऱ्यावर येऊन उभ्या राहत. माझ्या वर्गातली मुलंही त्यांत होती, आयांचा पदर धरून. काही बोटी दुसऱ्या बंदरांना लागलेल्या कळल्या, काहींचं काहीच कळलं नाही. प्रेत मिळत नाही तोवर बाई सौभाग्याचं लेणं उतरवत नाही, दिवस करता येत नाहीत, आणि कायद्यानेही बेपत्ता माणसाला मृत मानायला सात वर्षं जावी लागतात. त्या छापील चित्रातली खिडकी मला तोवर उजेडाचा धडा म्हणून ठाऊक होती. त्यानंतर वर्गात ती प्रत लावताना मुलांना काय सांगायचं हे मला नव्याने ठरवावं लागलं. मी उजेडाबद्दल कमी आणि त्या म्हातारीबद्दल जास्त बोलू लागले.

शुक्रवार, पेन्ली हाउस आणि माउसहोल

पेन्झान्सचं पेन्ली हाउस हा बागेतला जुना बंगला आहे, १८६०च्या दशकातला. न्यूलिनच्या चित्रकारांचं काम बघायचं ते इथे. माझं इथलं मुख्य काम वॉल्टर लँगलीकडे होतं.

लँगली बर्मिंगहॅमचा, शिंप्याचा मुलगा. पोरवयात शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला. मग शिष्यवृत्ती मिळून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत दोन वर्षं शिकला. मुंबईच्या जे. जे. स्कूलचा पायाही त्याच साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीवर घातला गेला, त्यामुळे त्याच्या रेखाटनातली शिस्त माझ्या पिढीच्या चित्रकला शिक्षकांना ओळखीची वाटते: आधी हाड, मग मांस, मग कपडा. जलरंगात त्याच्याइतकं जड काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आपण जलरंग म्हणजे हलका, वाहता समजतो. लँगली त्यात लोकरीची शाल विणतो.

'अमंग द मिसिंग' हे १८८४चं. बातमीसाठी जमलेली माणसं, आणि म्हाताऱ्या बाईच्या आधाराने पुढे निघालेली तरुणी. पुन्हा तीच जोडी! बर्मिंगहॅमच्या संग्रहात असलेलं त्याचं १८९४चं तैलचित्र मी छापील पाहिलंय. त्याचं नाव टेनिसनच्या कवितेतली एक ओळ आहे, कुणाचं तरी काळीज न मोडता एकही सकाळ संध्याकाळपर्यंत पोचली नाही, अशा अर्थाची. त्यातही धक्क्यावर तोंड झाकून बसलेली तरुणी आणि तिच्या खांद्याशी एक म्हातारी. मागे समुद्र निवांत, गुळगुळीत, जणू आदल्या रात्री काही झालंच नाही. दोन वेगळ्या चित्रकारांना, वेगवेगळ्या वर्षी, हीच दोन माणसं दिसली याला कारण आहे. त्या गावात दुःख असंच हातातून हातात जायचं. सांत्वन हे नात्याचं नव्हे, अनुभवाचं काम होतं.

टॉलस्टॉयने कलेवरच्या आपल्या ग्रंथात लँगलीच्या एका चित्राची मुद्दाम स्तुती केली आहे. विषय साधा: भटका भिकारी पोरगा आणि त्याला खाऊ घालणारी बाई. टॉलस्टॉयने ज्या कसोटीवर भल्याभल्यांना नापास केलं त्या कसोटीवर हा शिंप्याचा मुलगा उतरला. ब्रॅम्लीने पुढे न्यूलिन सोडलं. लँगली मात्र अखेरपर्यंत याच भागात राहिला आणि १९२२ मध्ये पेन्झान्सलाच वारला. कोण राहिलं आणि कोण गेलं यावरून मी चित्राची किंमत ठरवत नाही. पण लँगलीच्या बायका चित्रागणिक म्हाताऱ्या होत गेलेल्या दिसतात, आणि ते शेजारी राहिल्याशिवाय होत नाही.

दुपारी न्यूलिनवरून पुढे माउसहोलला चालत निघालो. डावीकडे समुद्र, उजवीकडे दगडी चढ. अर्ध्या वाटेवर, पेन्ली पॉइंटला, रस्त्याखाली एक रिकामं बोटघर आहे. दरवाजे बंद, समोर पाण्यात उतरणारा उतार. शेजारी लहानशी बाग आणि नावं कोरलेला दगड.

१९ डिसेंबर १९८१च्या रात्री 'युनियन स्टार' हे मालवाहू जहाज हॉलंडहून आयर्लंडला निघालेलं असताना या किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडून भरकटलं. पहिलीच सफर. इंधनात समुद्राचं पाणी शिरलं होतं. जहाजावर आठ माणसं, त्यांत कप्तानाची बायको आणि तिच्या दोन मुली. वाऱ्याने तुफानाची हद्द गाठलेली, लाटा पन्नास-साठ फुटांच्या. हेलिकॉप्टरला दोर सोडता येईना. तेव्हा या बोटघरातून 'सॉलोमन ब्राउन' ही लाकडी जीवरक्षक बोट उतरली. सत्तेचाळीस फुटांची, आठ खलाशी, सगळे स्वयंसेवक, सगळे माउसहोल गावचे. कॉक्सवेन, म्हणजे आपल्याकडचा तांडेल, ट्रेवेल्यन रिचर्ड्स. निघताना त्याने एका घरातले बाप आणि मुलगा दोघेही पुढे आले तेव्हा मुलाला परत पाठवलं. अशा रात्री एका घरातून दोघं न्यायचे नाहीत.

बोट जहाजाला जाऊन भिडली. एकदा तर लाटेने ती जहाजाच्या डेकवर आपटली आणि ती पुन्हा पाण्यात आली. चार जणांना घेतल्याचं तिने बिनतारी यंत्रावरून कळवलं. ते शेवटचं. दोन्ही बोटी गेल्या, सोळाच्या सोळा माणसं गेली.

मी त्या दगडावरची नावं एकेक करून वाचली. मृण्मयी उताराकडे बघत उभी होती. हेलिकॉप्टर होतं, बिनतारी होती, इंजिन होतं, आणि तरीही २० डिसेंबरला माउसहोलच्या आठ घरांत तीच सकाळ झाली जी ब्रॅम्लीने त्र्याण्णव वर्षं आधी रंगवली होती. ते चित्र जुन्या काळाबद्दल आहे, असं यानंतर मला म्हणवत नाही. नव्या खलाशांसाठी गावाला फिरावं लागलं नाही; दिवसाभरातच नवी तुकडी उभी राहील इतके लोक पुढे आले. ज्या मुलाला त्या रात्री परत पाठवलं होतं तोही पुढे जीवरक्षक बोटीवर गेला आणि तिचा कॉक्सवेन झाला. आजही पेन्लीच्या नावाचं ठाणं चालू आहे, आता बोट न्यूलिन बंदरात असते. नारिंगी-निळी, आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या समोरूनच गेलो होतो.

माउसहोल नाताळच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. बंदरात, पाण्यावर, दिव्यांच्या आकृत्या तरंगत असतात. १९८१ साली ते दिवे लावण्याचा मान ज्याला मिळाला होता तो इथल्या खानावळीचा मालक काही दिवसांतच त्या बोटीवर गेला. दर वर्षी १९ डिसेंबरला रात्री आठ ते नऊ गावातली रोषणाई मंद करतात. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर होता, मुलं बंदरातल्या वाळूत खेकडे पकडत होती. चहा घेतला, गरम पेस्टी खाल्ली आणि त्याच वाटेने परत आलो.

शनिवार, प्लिमथ

परतीच्या वाटेवर प्लिमथला उतरलो. तिथल्या 'द बॉक्स' संग्रहालयात फोर्ब्जचं १८८५चं 'अ फिश सेल ऑन अ कॉर्निश बीच' आहे. हे न्यूलिनचंच, ओहोटीच्या वेळचं. ओल्या वाळूवर मासळी पसरलीय, पाकटासारखे चपटे मासे पालथे पडलेत, मागे लिलावाला जमलेली माणसं, त्याहून मागे बोटी. वाळूवरचं ओलं प्रतिबिंब रंगवायला फोर्ब्जने महिनोन् महिने किनाऱ्यावर, थंडीवाऱ्यात काढले. मासळी कुजायची, नवी आणावी लागायची.

इथल्या बायका काम करतायत. टोपली घेऊन उभी असलेली, बसून ऐकणारी, भाव विचारणारी. त्यांच्या तोंडावर दुःख नाही, हिशेब आहे. मला हे चित्र शेवटी बघितल्याचं समाधान आहे. टेटमधली तरुणी रोज अशी वाळूवर उभी असणार, तिचा नवरा असाच बोटीला टेकून बोलत असणार, आणि ती म्हातारी कपाळावर पट्टा घेऊन चढ चढत असणार. हे माहीत असलं की त्या न खाल्लेल्या जेवणाचं वजन कळतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. टेटमध्ये चित्रं अधूनमधून बदलतात, तेव्हा 'अ होपलेस डॉन' भिंतीवर आहे ना हे निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. पेन्ली हाउसलाही तेच लागू. जलरंग फार काळ उजेडात ठेवत नाहीत, म्हणून लँगली नेहमी भेटेलच असं नाही. पेन्झान्सची गाडी आधी आरक्षित केली तर बरीच स्वस्त पडते, पॅडिंग्टनहून रात्रीची झोपायची गाडीही आहे. न्यूलिनला सकाळी जा, बाजार जागा असताना. आणि माउसहोलला बसने जाऊ नका, चालत जा. बस दहा मिनिटांत पोचवते, पण ते बोटघर रस्त्याच्या खाली आहे, बसच्या खिडकीतून नीट दिसत नाही.